शुक्रवारचा अर्धा फेरा

यंदा संक्रांतीच्या सुमारास चार-पाच जण मोटारसायकलींवर आमच्या गावात आले आणि गावाबाहेरच्या बंद पार्कात, डबे काढून टाकलेल्या आकाशपाळण्यासमोर त्यांनी व्हिडिओ काढला. त्यात एक जण वाळक्या गवतातून सावकाश चालत येतो, गंजलेल्या लोखंडावरून हात फिरवतो आणि तलावाकडे बघत राहतो. मागे उदास बासरी. खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं, किती सुंदर, हे असंच राहू द्या, याला कोणी हात लावू नका. स्टाफरूममध्ये कोणीतरी तो माझ्या मोबाइलवर पाठवून मला कौतुकानं दाखवला. मी मोबाइल टेबलावर आपटला. माझाच होता, म्हणून निभावलं.

गंज सुंदर वाटतो तो गंज दुसऱ्याच्या गावात असला म्हणजे. आमच्या गावात तो आहे, आणि ज्या लोखंडावरून त्या माणसानं हात फिरवला त्याच लोखंडात माझ्या वर्गातल्या एका मुलीची दोन बोटं गेली. त्या व्हिडिओखाली मी हे लिहायला घेतलं होतं, पण तिथे मावणार नव्हतं. शिवाय पूर्ण लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागलं असतं.

गावाचं नाव लिहीत नाही. दारव्ह्याहून काळी-पिवळी जीप भरली तर अर्ध्या तासात येते, न भरली तर येतच नाही. कापूस आणि सोयाबीनचं गाव. मी डी.एड. करत होते तेव्हा बाहेरगावच्या एका माणसानं तलावाकाठची सरकारी जागा करारानं घेतली आणि तिथे पार्क उभं केलं. आकाशपाळणा, बदकाच्या आकाराच्या होड्या, फायबरचा एक डायनासोर आणि मुलांना बसवून फिरवणारी छोटी आगगाडी. आगगाडीच्या पोटात विहिरीवरचं पाणी ओढायचं डिझेल इंजिन होतं. ते माझ्या अब्बांनी बसवलं होतं. फीत कापायला मोठी माणसं आली, भाषणं झाली, आता गावाचा चेहरामोहरा बदलणार असं प्रत्येकानं सांगितलं.

पाच-सहा वर्षं पार्क बरं चाललं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल घेऊन थेट आगगाडीत बसायला यायची. मग दोन उन्हाळे लागोपाठ तलाव आटला, होड्या चिखलात रुतल्या, गर्दी आटली आणि एक दिवस मालक दिसेनासा झाला. जाताना त्यानं मोटारी, पट्टे, वायरी नेल्या. लोखंड तिथेच सोडलं. जागा ज्या सरकारी कार्यालयाची, त्यानं फाटकाला कुलूप लावलं आणि कुंपणाची भिंत तीन ठिकाणी पडली होती तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कुलपाचा मला आजही संताप येतो. भिंत नसलेल्या जागेच्या फाटकाला कुलूप लावणारी माणसं महिन्याच्या महिन्याला पगार घेतात.

अब्बा तरुणपणापासून कापसातली सरकी काढायच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. ती बंद झाल्यावर ते पार्कात आले आणि पार्क बंद झाल्यावर घरी. निदान मला तसं वाटत होतं. पण दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की ते सायकलला पिशवी लावून तलावाकडे जात. पिशवीत ग्रीसचा डबा, एक पाना, चिंध्या. आम्ही बापलेक घरात उर्दूत बोलतो, पण चिडलो की दोघंही वऱ्हाडीवर येतो. मला हे कळलं त्या दिवशी मी वऱ्हाडीतच विचारलं, "अब्बा, मोटर नाई, मालक नाई, लाइन नाई. त्या पाळण्याले ग्रीस कायले लावून राह्यले तुमी?"

"सीझन बंद हाय," ते म्हणाले. "मशीन बंद नाई."

हे जिनिंगचं बोलणं. कापसाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि मग यंत्रं दिवाळीपर्यंत उभी असतात. उभ्या यंत्राचा सगळा भार बेअरिंगच्या एकाच बाजूवर पडतो, तिथे खड्डा पडतो, हवेतल्या ओलीनं गंज धरतो. म्हणून जिनिंगचे फिटर बंदच्या दिवसांत आठवड्यातून एकदा प्रत्येक चाक हातानं अर्धा फेरा फिरवून ठेवतात. पुढच्या आठवड्यात उरलेला अर्धा. अब्बांनी तीस वर्षं हे केलं होतं, आणि तीस वर्षं दर दिवाळीला हंगाम पुन्हा सुरू झाला होता. बंद म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत बंद, याखेरीज बंद पडण्याचा दुसरा अर्थ त्यांच्या हातांना माहीतच नव्हता. आकाशपाळण्याला त्यांनी तोच अर्धा फेरा लावून दिला.

मी त्यांना हसले, चिडले, आणि सोडून दिलं. म्हातारपणी माणसाला कुठेतरी जायला हवं असतं, असं मी शेजारणीला सांगितलं. हे मी फार समजूतदारपणे सांगितलं होतं.

बाहेरून पाळणा पार गेलेला दिसायचा. रंग उडालेला, बारापैकी तीन डबे भंगारवाल्यांनी कापून नेलेले, खांबांवर वेली. पण मधला दांडा आणि त्याची दोन्ही बेअरिंगं नव्यासारखी होती. ते अवजड चाक एका माणसाच्या रेट्यानं फिरत होतं, आवाज न करता. आणि तीन डबे नसल्यामुळे त्याची एक बाजू जड झाली होती. ती वर ढकलली की जोरानं परत खाली येई. अब्बांना हे ठाऊक होतं, ते तेवढं सांभाळून फिरवत. दुसरं कोणी फिरवील हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. पार्कात सीताफळीची झाडं माजली आहेत, तिथे भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या मुली जातात. शुक्रवारी दुपारी त्यांनी अब्बांना, म्हणजे त्यांच्या चाचांना, पाळणा फिरवताना पाहिलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चौघी जणी गेल्या, चौघींनी मिळून खालचा डबा ढकलला आणि पाळणा फिरला. त्या ओरडल्या असतील आनंदानं. मग जड बाजू परत आली. तिघी बाजूला पळाल्या. चौथीचा उजवा हात चाकाच्या अँगलवर होता, तो चाक आणि खांब यांच्यामध्ये सापडला.

ती चौथीत होती, माझ्या वर्गात. आई कापूस वेचायला जाते, बाप नाही. यवतमाळच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. तर्जनी आणि मधलं, म्हणजे पेन्सिल धरायची.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेले. तिची आई शेतात होती. दाराशी खाटेवर ती बसली होती, हाताला मोठं बँडेज. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, फिरते तो पाळणा. चाचानं फिरवला न, तसाच आमी फिरवला."

आता यापुढचं लिहिताना माझा राग कोणावर काढू ते मला समजत नाही. मी तिला म्हटलं, "नीट आठव बेटा. तू वर चढली होतीस ना? चढताना घसरलीस ना?"

 तिनं मान हलवली, नाही म्हणून.

मला सगळं त्याच क्षणी समजलं होतं. पाळणा का फिरला, कोणाच्या ग्रीसनं फिरला, हे गावातल्या मोठ्या माणसांत फक्त मला आणि अब्बांना कळू शकत होतं. सत्तरी उलटलेला बाप, साखरेचा त्रास, आणि वर आमचं आडनाव. एका वस्तीतल्या मुलीची बोटं आमच्या माणसाच्या हातून गेली असं उठलं तर गावात काय काय होईल, याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार झाली. हल्ली अशी यादी करायला वेळ लागत नाही. ही भीती खोटी नव्हती. पण तिच्या आडून मी जे केलं ते मला माफ होत नाही.

दोन दिवसांनी कार्यालयाची माणसं पंचनाम्याला आली. पंच म्हणून त्यांना दोन सह्या हव्या होत्या. एक पानठेलेवाल्याची घेतली, दुसरीसाठी मला शाळेतून बोलावलं. साहेबांनी फाटकाकडच्या बाजूनं पाळण्याचा डबा धरून ढकलला. पाळणा हलला नाही. मग त्यांच्यातल्या एकानं लाथ मारली, तरी हलला नाही. पलीकडच्या बाजूला, गवतात, चाकाखाली बाभळीची जाड पाचर ठोकलेली होती. पुन्हा कोणा लेकराचा हात जाऊ नये म्हणून अब्बांनी शनिवारीच, बातमी कळल्याबरोबर, ती ठोकली होती. मी उभी होते तिथून ती सरळ दिसत होती. साहेब चार पावलं चालून पलीकडे गेले असते तर त्यांनाही दिसली असती. पण गवतात विंचू असतील म्हणून कोणी गेलं नाही.

लिहिलं गेलं ते असं: सदर पाळणा गंजून पूर्णपणे जाम असून फिरण्याच्या स्थितीत नाही. सबब मुलगी खोडसाळपणे वर चढून पडल्याने इजा झाली असावी.

"करा मॅडम सही," कारकून म्हणाला. "तुमी शाळेतल्या. तुमची सही असली का कोनी काई विचारत नाई."

मी सही केली.

त्या सहीनं सगळ्यांची सोय झाली. कार्यालयाची जबाबदारी संपली, कारण जाम पाळणा कोणाला काय करणार. पळून गेलेल्या मालकाला शोधायचं कारण उरलं नाही. माझा बाप सुटला. उरली ती मुलगी आणि तिची आई. गावात बायका तिच्या आईला तोंडावर म्हणाल्या की पोरीकडे लक्ष देता येत नाही तर जन्माला कशाला घालता. साहेबांनी पाहिलं, मॅडमनं सही केली, पाळणा जाम आहे. बाकीच्या तिघींनी मार चुकवायला आम्ही तिथे नव्हतोच म्हणून सांगितलं. मुलगी मात्र म्हणतच राहिली, तो फिरला. खोटं बोलते म्हणून तिच्या आईनं तिला मारलं. बँडेज असलेल्या लेकराला मारलं. हे मला शाळेत कळलं आणि तरी मी गप्प राहिले. मुलांना शिक्षा करू नये यावर मी त्या आठवड्यात पालकांना चिठ्ठी पाठवली.

अब्बांना पंचनाम्याचं मी सांगितलं नव्हतं. त्यांना मशिदीबाहेर कोणीतरी सांगितलं. घरी आले ते टोपीही न काढता माझ्यासमोर उभे राहिले.

"जाम हाय म्हणून लिवलं त्यायनं?"

"हो."

"अन् तू सही केली?"

"तुमच्यासाठी केली अब्बा. तुमाले घेऊन जातीन ते."

"मले कायले घेऊन जातीन?" ते म्हणाले. "ग्रीस मी लावलं, फिरवून मी दाखवलं. तं मग न्या न मले. त्या पोट्टीले काहून खोटं पाडलं?"

मी भीतीचं सांगितलं, आडनावाचं सांगितलं. ते ऐकत होते. मला वाटलं त्यांना पटतंय. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुले तिनं सांगतलं होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी उर्दूत बोलले नाहीत, वऱ्हाडीतही नाहीत.

त्या चार दिवसांत ते दोनदा कार्यालयात गेले. लिहून घ्या, पाळणा फिरतो, मीच फिरवतो, म्हणून सांगितलं. पहिल्यांदा साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा भेटले. म्हणाले, चाचा, फाइल बंद झाली, कशाला म्हातारपणी डोक्याला ताप करून घेता, घरी जा, आराम करा. त्यांना चहा पाजला. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवणारं ते कार्यालय.

शुक्रवारी नमाज झाल्यावर अब्बा वस्तीत गेले. तिची आई त्या दिवशी कामाला गेली नव्हती. दोघी मायलेकींना घेऊन ते पार्काकडे निघाले आणि वाटेत शाळेच्या फाटकाशी थांबून त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवून गेले. जायचं नव्हतं.

पाळण्याशी आल्यावर त्यांनी मायलेकींना लांब उभं केलं. गवतात शिरून पाचर काढली. मग एका हातानं चाक रेटलं. अर्धा फेरा नाही, पूर्ण फेरा फिरवला, जड बाजू सांभाळत, आणि पुन्हा एकदा फिरवला. नऊ डबे आमच्या डोक्यांवरून गेले आणि खाली आले. जराही कुरकुर नाही. त्या कामात ते किती तरबेज होते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"तुही पोट्टी खरं बोलली व बाई," अब्बा म्हणाले. "फिरते हा. मीच याले फिरता ठेवला."

 त्या बाईनं खाली बसून मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी मारलं न तुले," म्हणाली.  मग उठून तिनं अब्बांना विचारलं, "चाचा, इतके वर्षं ग्रीस लावलं तुमी. एक साखळी बांधता आली नसती का?"

 अब्बांनी पिशवीतून पाना काढला आणि एकेक डबा सोडवायला सुरुवात केली. दुसऱ्या कुठल्या बंद पार्कात ते नट गॅसनं कापावे लागले असते. इथे प्रत्येक नट पान्याच्या पहिल्या झटक्याला सुटत होता, कारण त्यांनी प्रत्येकाला तेल दिलेलं होतं. दिवस मावळायच्या आत नऊच्या नऊ डबे गवतात ओळीनं मांडून झाले. मग चाकाला साखळी घातली, ती खांबाला गुंडाळली आणि घरचं कुलूप लावलं.

आठ दिवसांत नोटीस आली. सरकारी मालमत्तेचे सुटे भाग विनापरवाना काढून नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. इतकी वर्षं त्या मालमत्तेकडे न फिरकलेल्या कार्यालयानं अब्बांच्या नावानं पाठवलेला हा पहिला कागद. मुलीच्या बोटांसाठी त्यांना चार पावलं गवतात जाता आलं नाही, डब्यांसाठी ते आले, मोजून गेले.

मी ती नोटीस घेऊन गावभर फिरले. स्टाफरूममध्ये वाचून दाखवली, पानठेल्यावर वाचून दाखवली. पंचनामा खोटा होता, पाचर मी पाहिली होती, माझी सही मागे घेते, असं कार्यालयात लेखी देऊन पोचही घेतली. आता कार्यालयात त्या जागेवर सेल्फी पॉइंट करायचं घाटतं आहे, गंजलेलं चाक तसंच ठेवून त्याला दिवे लावायचे म्हणे. माझं मत कोणी विचारलं नाही तरी सांगते. ते चाक कापा, उतरवा, त्याचं लोखंड ज्याला लागेल त्याला द्या. आणि यापुढे कुठेही असलं काही उभं करायचं असेल तर फीत कापायच्या आधी हे कोण उतरवणार ते नावानिशी लिहून घ्या. उभं करणारा पळाला तर फीत कापणाऱ्यानं पाना घेऊन यावं. हे मी ज्याला त्याला तावातावानं सांगत होते. मला वाटत होतं, मी आता खऱ्याच्या बाजूनं उभी आहे.

नोटीस आली त्याच आठवड्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलीची आई शाळेत आली. मी तिलाही नोटीस दाखवायला काढली. तिनं पाहिली नाही. आमच्याकडे चौथीच्या दोन तुकड्या आहेत. तिला मुलीची तुकडी बदलून हवी होती.

मी म्हटलं, "काहून? मी तिले डाव्या हातानं लिवाले शिकवून राह्यली न."

"शिकवता तुमी चांगलं," ती म्हणाली. "पन ती म्हनते, या मॅडमले खरं सांगून उपेग नाई."

अर्ज मीच लिहून दिला, तिनं अंगठा लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शेजारच्या वर्गात बसायला लागली.